वाचनालयाच्या जुन्या डब्यावर लिनक्स टाकलं, आता रोज नवा खेळ. मदत हवी

खाडीकाठ
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१४

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहतो. बँकेतून निवृत्त झालो आणि गावच्या वाचनालयाचं कार्यवाहपद गळ्यात पडलं, ते सात वर्षं झाली तरी उतरत नाही. वाचनालय 'ड' वर्गातलं, सगळ्यात खालच्या, म्हणजे अनुदान किती असेल ते जाणकारांना सांगायला नको.

आमच्याकडे मुंबईकर मंडळाने २०१३ साली दिलेला एक डेस्कटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि ११ याच्यावर चढत नाही. त्याला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते म्हणे. दुकानदाराला विचारलं तर त्याने कॉम्प्युटरकडे न बघताच नव्याचं कोटेशन दिलं. तेवढ्यात आमची दोन वर्षांची पुस्तकं येतात.

भाऊबीजेला भाचा आला होता. तो म्हणाला, मामा, थांब. त्याने एक छोटी एसएसडी (वेगवान डिस्क) आणली होती, ती आत बसवली आणि पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार. जुनी हार्डडिस्क, तिच्यातलं विंडोज, काही काही पुसलं नाही. "वाटलं तर परत जाता येईल," म्हणाला. पूर्वी कॉम्प्युटर चालू करून मी चहा टाकून यायचो, आता चपला काढेपर्यंत चालू होतो. मी खूश, भाचा खूश. सोमवारच्या गाडीने तो गेला आणि मंगळवारपासून खेळ सुरू झाले:

आमच्या ग्रंथपाल बाई म्हणतात, एका दिवशी पुस्तकांची दाखल नोंदवही नीट मराठीत दिसते आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली की सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं. परत तिसऱ्या दिवशी मराठी! ज्या दिवशी मराठी दिसतं त्या दिवशी नेमकं इंटरनेट चालत नाही, कुठलीही साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडते. मी संध्याकाळी जातो तेव्हा मला निम्म्या वेळा यातला काहीच घोटाळा दिसत नाही. बाईंना वाटतं मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

भाच्याला फोन केला तर तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये. कुणाला हा प्रकार माहीत आहे का?

ता.क. प्रिंटरही चालत नाही, पण ते दुखणं वेगळं आहे. नंतर लिहितो.

घाटावरचा
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

फुकट ते पौष्टिक! अहो, कार्यवाह, नवा कॉम्प्युटर घ्या आणि सुखाने झोपा. लिनक्स ही कॉम्प्युटर इंजिनिअरांनी एकमेकांना छळण्यासाठी काढलेली गोष्ट आहे. तसंही विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून घेता येतात. एक वर्ष तरी घरात वाद नको.

मुळाक्षर
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

@घाटावरचा, केरळच्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथली 'काइट' ही संस्था उबुंटू या लिनक्सवर बेतलेली स्वतःची आवृत्ती काढते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस'देखील डेबियन या लिनक्सवर उभी आहे. हे सगळे इंजिनिअर नव्हेत.

आणि फुकट नव्हे, मुक्त. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन कित्येक वर्षं फरक समजावत फिरताहेत. आपल्याकडे दोन शब्द तयार असताना आपण मुद्दाम चुकीचा वापरतो.

खाडीकाठ, तुमचा प्रश्न: मिंट आणि विंडोज दोन्ही असले की घड्याळात साडेपाच तासांचा फरक पडतो. लिनक्स आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर धरतं, विंडोज स्थानिक वेळेवर. एका ओळीची कमांड आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खाडीकाठ
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री १०.३१

मुळाक्षर, आभार, पण साडेपाच तास नाहीत हो. बाईंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२ आहे.

सुरंगी
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री १०.५२

थांबा थांबा. २०१२?

तीन प्रश्न. (अ) चालू करताना काळ्या पडद्यावर दोन ओळी येऊन थांबतं का? (आ) भाचा गेल्यापासून कॉम्प्युटर बंद करण्याच्या पद्धतीत काही बदल झालाय का? लिनक्स सोडून. (इ) ज्या दिवशी 'मराठी' दिसतं त्या दिवशी खाली डावीकडे मिंटचं चिन्ह असतं की विंडोजच्या खिडक्या?

चाकरमानी
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रहस्यकथा धाग्यावर!

खाडीकाठ
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ११.०२

सुरंगीताई (ताईच ना?), आत्ता बाईंकडे जाऊन आलो.

(अ) येतात! एफ-वन दाबा असं लिहिलेलं असतं. बाई मुकाट्याने एफ-वन दाबतात. मला कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

(आ) हो. पूर्वी बाई कॉम्प्युटर बंद करून तशाच घरी जायच्या, भिंतीवरचं बटण कायम चालू. यंदा पाऊस दिवाळीनंतरही हटेना, विजा कडाडत होत्या, तर भाच्याने जाताना त्यांना सांगितलं की गडगडाट असला की भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढत जा. त्या इमानदारीने काढतात. आभाळ स्वच्छ असलं की राहू देतात.

(इ) हे त्यांना सांगता येईना. भाच्याने मिंटवर तेच जुनं ग्रामदेवतेच्या देवळाचं चित्र लावून दिलंय, बाईंना परकं वाटू नये म्हणून. मी पण संध्याकाळी गेलो की सवयीने आधी रीस्टार्ट करतो आणि भाच्याने दाखवलेली कळ दाबून मिंट निवडतो. म्हणून मला निम्म्या वेळा काही दिसत नाही!

आणि आत्ता लक्षात आलं: घोटाळा गडगडाटाच्या दुसऱ्या दिवशीच होतो.

सुरंगी
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३८

ताईच. वेंगुर्ल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे आजार रोज बघते.

मिंट निर्दोष आहे. तुमच्या मदरबोर्डवरचा सेल मेलाय. रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो तो, सीआर २०३२. (२० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२.) घड्याळ आणि बायोसच्या (कॉम्प्युटर चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग त्याच्या जिवावर टिकतात. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो, त्यामुळे सेल मेलेला कळतच नाही. कदाचित दोन-तीन वर्षांपूर्वीच गेला असेल.

आता प्लग काढला की बायोस सगळं विसरतो. तारीख जाते कारखान्यातल्या तारखेवर. आणि कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तेही विसरतो, त्यामुळे भाच्याने पुढे आणून ठेवलेली एसएसडी मागे पडते आणि जुनी हार्डडिस्क पुढे येते. म्हणजे त्या दिवशी बाई विंडोजमध्ये असतात! म्हणून फाइल मराठीत दिसते: तो फॉन्ट विंडोजमध्ये बसवलेला आहे, मिंटमध्ये नाही. आणि म्हणून नेट अडतं: साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र २०२५ चं, तुमच्या मशीनला वाटतंय २०१२ चालू आहे. ज्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झाली नाही त्यावर ब्राउझर कसा विश्वास ठेवेल?

नवा सेल पन्नासच्या आत मिळेल. घड्याळवाल्याकडे नसला तर गाडीच्या रिमोटचे सेल ठेवणाऱ्याकडे बघा. बसवताना प्लग काढा, मग एकदा बायोसमध्ये जाऊन तारीख घाला आणि एसएसडी पहिली करा. आणि डबा उघडलाच आहे तर रॅम काढून तिच्या पिवळ्या पट्टीवर साधं खोडरबर फिरवा. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर थर चढतो, किनाऱ्यावरच्या निम्म्या 'मेलेल्या' मशीन मी खोडरबराने जिवंत केल्यात.

बाईंना चहा पाजा. त्या बरोबर होत्या.

चाकरमानी
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी १२.०१

_/\_ दंडवत घ्या ताई.

घाटावरचा
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

बरं, सेलचं मान्य. पण मूळ मुद्दा राहतोच. ज्यांचं हिशेबाचं टॅली आहे, जीएसटीचं काम आहे, डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत खुपसावं लागतं, त्यांनी या फंदात पडू नये. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं साधन) चालवणारे भेटतात, पण मार्चअखेरीला ते चेहरे बघा. माझ्या अशिलांना मी स्पष्ट नाही म्हणतो.

सुरंगी
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी १२.४४

याला माझं पूर्ण अनुमोदन. आंबेवाले येतात माझ्याकडे, पेट्यांचा हिशेब टॅलीत. त्यांना मी कधीच मिंट सुचवत नाही. वाचनालय, शाळा, घरी बघायचा-वाचायचा कॉम्प्युटर, तिथे सुचवते. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून 'ट्राय' करून एक दिवस वापरून बघायला सांगते. डिस्कवर काही न लिहिता आवाज, वायफाय, प्रिंटर सगळं तपासता येतं. प्रिंटर त्या दिवशीच कळला असता, खाडीकाठ!

गजालवाडी
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

माझ्या झिलान माका ह्याच मिंट घालून दिल्यान. दोन महिने झाले. माका फरक काय तो कळाक नाय. युट्यूबार दशावतार दिसलो काय माझा काम झाला. वायफायचो तो यूएसबी खुटलो तेवढो चललो नाय, पण मोबाइल वायरीन जोडलो की नेट येता.

सुरंगी
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी ३.५२

काकांनू, तसाच मोबाइल जोडून ठेवा नि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. बऱ्याचदा खुटल्याचा ड्रायव्हर तिथेच गावता.

खाडीकाठ
गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री ८.४७

सेल शृंगारतळीला मिळाला, चाळीस रुपये. रॅमवर खोडरबरही फिरवलं, पट्टी अक्षरशः हिरवट होती. काल रात्री मुद्दाम प्लग काढून ठेवला. सकाळी एफ-वन नाही, तारीख बरोबर, मिंट हजर.

आता बाईंची तक्रार पूर्वी निम्मे दिवस होती ती रोज झाली, कारण आता रोजच मिंट आणि रोजच कडबोळं. नोंदवहीत ३,९०० च्या वर पुस्तकं आहेत. बारा वर्षं छपाईकामाच्या एकाच जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली. मिंटमधल्या लिब्रे ऑफिसमध्ये (एक्सेलसारखंच) फाइल उघडते, रकाने बरोबर, किमती बरोबर, मराठीच तेवढं नाही. परत टाइप करायचं म्हटलं तर बाई राजीनामा देतील.

मुळाक्षर
गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

यानिमित्ताने नोंदवही सोडाच, 'कोहा' बसवा. ग्रंथालयासाठीच केलेलं मुक्त सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० च्या जानेवारीत सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. देवाणघेवाण, दंड, शोध, सगळं त्यात आहे.

खाडीकाठ
गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री ९.२६

नाव फार आवडलं. पण आमचे सभासद १४०, त्यातले नियमित तीस. दंड आम्ही कुणाला लावत नाही, लावला तर तो माणूस पुन्हा येत नाही. आधी नोंदवही वाचता येऊ दे.

शाईची दौत
गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री १०.३३

वीस वर्षं रत्नागिरीत डीटीपी केलंय, निमंत्रणपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत. हे माझ्या अंगणातलं आहे, जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या फाइलमध्ये मराठी नाहीच. कधीच नव्हतं. त्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे रेखाटायचे: कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे नुसता दंड. फाइलमध्ये साठतात त्या रोमन खुणा, फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की तुम्हाला दिसतंय ते कडबोळं. तुम्हाला आजवर वाचता येत होतं, कॉम्प्युटरला एक अक्षरही येत नव्हतं.

तात्पुरता उपाय: विंडोजमधली ती फॉन्टची फाइल मिंटमध्ये बसवा. फॉन्ट विकत घेतलेला असेल तर त्याचा परवाना काय म्हणतो ते बघा. उद्या सकाळी बाईंना नोंदवही वाचता येईल.

पण तिथे थांबू नका. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, न्या. रूपांतर करणारी साधनं नेटवर आहेत, तुमच्या फॉन्टचं नाव घालून शोधा. आधी फाइलची प्रत काढा, मग एकेक रकाना द्या. किमती आणि दाखल क्रमांकांच्या रकान्यांना हात लावू नका, नाहीतर आकड्यांचंही 'मराठी' होईल.

आणि डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तीन ठिकाणी होणार. पहिली ऱ्हस्व वेलांटी: जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठते. जोडाक्षर आलं की साधन गोंधळतं आणि वेलांटी भलत्यावर जाऊन बसते. दुसरा रफार, त्याचं उलटं: 'सूर्य' मध्ये आपण जुन्या पद्धतीने रफार शेवटी द्यायचो, युनिकोडला तो र य च्या आधी हवा. तिसरा आपला ऱ्य आणि ऱ्ह. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर एवढा फरक आहे आणि बरीच साधनं दोन्हींचा समुद्र करतात. कोकणावरच्या पुस्तकांत हे फार येणार तुमच्याकडे!

खाडीकाठ
गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री १०.५८

"कॉम्प्युटरला एक अक्षरही येत नव्हतं." बारा वर्षं! म्हणूनच त्यात कधी काही शोधता आलं नाही. आम्ही समजत होतो शोधायची सोय विंडोजमध्ये नसते.

घाटावरचा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

नोंद असावी की हे दुखणं विंडोजचंही नाही आणि लिनक्सचंही नाही. तटस्थपणे सांगतोय.

शाईची दौत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

अगदी बरोबर. अजूनही शेकडो संस्थांची इतिवृत्तं, देवस्थानांचे हिशेब, दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली त्याच मुखवट्यात पडून आहेत. फॉन्टची फाइल हरवली की गेलं सगळं.

बाईंना पुढचं टाइपिंग इनस्क्रिप्टमध्ये शिकवा. १९८६ पासूनचा सरकारी मांडणीचा कीबोर्ड आहे, मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी घातली की तयार. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आठ दिवस बोटं रडतील, मग विसरायची नाहीत. ऱ्ह साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. एवढं एक कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

ओहोटी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी १.०५

अवांतर: श्रीवर्धनहून लिहितेय. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या घराचे पत्रे उडाले आणि कॉम्प्युटर भिजला, त्यातला सासऱ्यांच्या जमिनीच्या कागदांचा सगळा मजकूर गेला. नोंदवही युनिकोडमध्ये झाली की एक प्रत गावाबाहेर ठेवा. भाच्याकडे तरी.

खाडीकाठ
रविवार, ७ डिसेंबर, संध्याकाळी ७.१९

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

फॉन्ट बसवला, बाई शांत झाल्या. मग रूपांतर केलं. ३,९१२ नोंदी. दौतताईंनी सांगितलेल्या तिन्ही जागी चुका निघाल्या, वर चौथी एक निघाली: 'श्र' चा प्रत्येक ठिकाणी 'श' आणि एक अधांतरी तुकडा. ती एकसारखी असल्यामुळे 'शोधा आणि बदला' करून एका झटक्यात गेली. वेलांट्या मात्र हातानेच. बाई, मी आणि नववीतल्या दोन मुली, रोज संध्याकाळी जमतील तेवढ्या नोंदी. एक जण छापील रजिस्टर वाचणार, दुसरा पडद्यावर बघणार. मुलींना इनस्क्रिप्ट चार दिवसांत आलं. मी अजून कागदाकडे बघतो.

अकारविल्हे लावताना एक गंमत झाली. ळ ने सुरू होणारं पुस्तक आमच्याकडे एकही नाही, पण 'काळ' आणि 'कावळा' यांत आधी कोण यावरून बाई आणि कॉम्प्युटर यांचं पटेना. तो ळ ला ल च्या मागोमाग बसवतो, आपल्या शाळेच्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. क्रमवारीच्या पर्यायांत भाषा मराठी निवडायची असते, ती इंग्रजीवर राहिली होती.

प्रिंटर हरलो. जुना, स्वस्तातला लेझर, कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय ढिम्म हलत नाही. भाच्याने तीन रविवार फोनवरून प्रयत्न केले. कोऱ्या कागदांचा अर्धा गठ्ठा मात्र त्याने व्यवस्थित बाहेर काढला. सध्या पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो, महिन्याला चार-पाच पानं तर असतात. पुढचा घेताना लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या ओपनप्रिंटिंगच्या यादीत मॉडेल बघून घेऊ. विंडोजची जुनी हार्डडिस्क मार्चच्या वार्षिक अहवालापर्यंत आतच ठेवतोय, @घाटावरचा यांच्या मानासाठी.

काल पहिल्यांदा नोंदवहीत शोधून बघितलं. बाई म्हणाल्या, काहीतरी टाका. मी 'होडी' टाकलं. सात पुस्तकं निघाली. त्यातलं एक मी तीन वर्षांपूर्वी एका मुलाला 'आपल्याकडे नाही' म्हणून सांगितलं होतं. दाखल क्रमांक ११७६, तिसऱ्या कपाटात खालच्या फळीवर, वाळवी न लागता.

सुरंगी
रविवार, ७ डिसेंबर, संध्याकाळी ७.४४

वा! प्रिंटरचा मॉडेल नंबर व्यनि करा. माझ्याकडे तशाच एकाने दोन महिने छळून शेवटी पानं दिली होती.

गजालवाडी
रविवार, ७ डिसेंबर, रात्री ८.०२

माझो खुटलो चलाक लागलो. ड्रायव्हर मॅनेजरातच होतो.